पाणी किती वाजता गेलं?

रात्री दोन वाजून वीस मिनिटांनी आमचं पाणी गेलं. ही वेळ आम्हाला पाठ आहे, कारण ती कोणत्याही सरकारी कागदावर लिहिलेली नाही.

सुरुवातीलाच एक खुलासा. या लेखातलं ‘आम्ही’ म्हणजे कधी लिहिणारी एकटी बाई आहे, तर कधी तिच्यासोबत प्रसूती वॉर्डाच्या दारात रात्री काढलेल्या वस्तीतल्या बाया आहेत. दोन्ही वेगळं काढायचा प्रयत्न केला, जमला नाही.

पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आलो होतो. अडतिसावा आठवडा चालू होता. झोपेत पोटात आत कुठेतरी टचकन काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि मांड्यांवरून कोमट पाणी वाहिलं. पहिला विचार आला तो लाजेचा, की आपण अंथरुणात लघवी केली. उठून उभं राहिलो तर आणखी पाणी आलं. लघवी रोखता येते, हे रोखता येत नव्हतं. खोकलं तरी यायचं, कूस बदलली तरी यायचं. वास लघवीचा नव्हता. रंग जवळजवळ नव्हताच. आणि दुखत काहीच नव्हतं. कळ नाही, कंबर भरून येणं नाही. सिनेमात बाईचं पाणी जातं आणि ती लगेच पोट धरून किंचाळते. इथे सगळं शांत होतं आणि त्या शांततेचीच भीती वाटत होती.

माय उठली. म्हणाली, ‘‘लघवी झाली असंल पोरी, डोस्कं पोटावर आलं की व्हतं असं.’’ दुसरं कापड भिजलं, तिसरं भिजलं, तेव्हा तिचा चेहरा बदलला. ‘‘पानमोट फुटली. आता कळा यायला पाहिजेत, न्हाईतर लेकरू कोरडं पडंल.’’ ती एरंडेल शोधायला लागली. मायला आम्ही नावं ठेवत नाही. तिची तीन बाळंतपणं घरातच झाली, दवाखाना तिच्या वाट्याला आलाच नव्हता. पण तिचं एक म्हणणं चुकीचं होतं, ते सांगायला हवं. पाणी गेल्यानंतरही शरीर नवं पाणी तयार करत राहतं, बाळ लगेच कोरडं पडत नाही. खरा धोका वेगळा आहे. पिशवी म्हणजे बाळाभोवतीचं कुंपण. ते फाटलं की खालून जंतू वर चढायला वाट मोकळी होते, आणि जितके तास जातात तितकी ही शक्यता वाढते. म्हणून पाणी गेलं त्या क्षणापासून घड्याळ चालू होतं, कळा असोत वा नसोत.

असं होणं काही जगावेगळं नाही. दिवस भरलेल्या दर शंभर बायांमधल्या साधारण आठ ते दहा जणींचं पाणी कळांच्या आधी जातं. त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींना चोवीस तासांत आपोआप कळा सुरू होतात. म्हणजे मोठ्या सरकारी प्रसूतिगृहात अशी बाई रोजच्या रोज येते. ती आल्यावर काय करायचं हे तिथल्या प्रत्येकाला माहीत असतं, माहीत असायला हवं.

शेजारच्या मामांच्या रिक्षातून आम्ही साडेतीनला दवाखान्यात पोहोचलो. कुठला दवाखाना ते लिहीत नाही. या जिल्ह्यातल्या वाचकांना कळेल, आणि बाकीच्यांच्या जिल्ह्यात तसाच एक असेलच. टेबलावरच्या सिस्टरने मान वर न करता विचारलं, ‘‘कळा?’’

‘‘नाहीत. पण पाणी...’’

‘‘कळा नाहीत ना? मग कशाला आलात? पहिलटकरीण आहे, वेळ लागतो. घरी जा, कळा सुरू झाल्या की या.’’

समाजशास्त्रात एम.ए. झालेली बाई. चौदा एप्रिलला माईक हातात आला की वीस मिनिटं न थांबता बोलणारी. त्या टेबलासमोर तोंडातून शब्द फुटला नाही. ओल्या साडीत उभं राहून कोणाशी वाद घालता येतो का, हे पुरुष कार्यकर्त्यांनी एकदा कल्पना करून पाहावं. तपासणी झाली नाही. बाळाचे ठोके ऐकले नाहीत. केसपेपर निघाला नाही.

पण त्या रात्री एका बाईने आमच्याकडे नीट पाहिलं. व्हरांड्यात आमच्या पायाखाली ओघळ आला, तो पुसायला सफाईच्या मावशी आल्या. कंत्राटावरच्या, पन्नाशीच्या. त्यांनी फरशी पुसली, फडक्याकडे पाहिलं आणि हळूच मायला म्हणाल्या, ‘‘ही लघवी न्हाई. पानीच हाय. मी वीस वर्सं पुसते, मला कळतं. घरी गेलात तरी उद्याची वाट बघू नका.’’ त्या इमारतीत बरोबर निदान करणारी ती एकच व्यक्ती होती आणि तिच्या निदानाला कागदावर जागा नव्हती.

एम.ए.ला आम्ही दुमाँ वाचला होता. शुद्ध आणि अशुद्ध, त्यावर उभी राहिलेली उतरंड वगैरे. परीक्षेत चांगले मार्क पडले. पण बाळंतपणाचं पाणी, रक्त, वार, नाळ या सगळ्याला विटाळ ठरवून ते काम पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या हातात दिलं गेलं, हे त्या फरशीवर कळलं. गावात सुईण म्हणून बोलावली जायची ती अनेक ठिकाणी आमची मातंग भगिनी. सवर्णांच्या घरात बाळ जगात आणायचं तिने, आणि ते बाळ मोठं झाल्यावर तिची सावली टाळायची त्याने. ज्ञान तिचं, विटाळ तिचा, मान कोणाचा तरी दुसऱ्याचा. दवाखाने आले, सुईण गेली. फडकं मात्र बहुतेक ठिकाणी त्याच हातात राहिलं.

आणि आमच्या स्वतःच्या बाळंतपणात कोण होतं? १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता साळवे या फुले दांपत्याच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने निबंध लिहिला. आपल्याकडे तो निबंध धर्मचिकित्सेसाठी सांगितला जातो, ते बरोबरच आहे. पण त्यात तिने बाळंतिणींबद्दलही लिहिलं आहे. महार-मांगांच्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, थंडीपावसात त्यांचे काय हाल होत असतील, त्यातून बाळंतरोग झाला तर औषधाला पैसे कुठून येणार, असं ती विचारते. ज्या मुलीचं स्वतःचं बाळंतपण अजून लांब होतं, तिला हा प्रश्न पडला होता. आमच्या सभांमध्ये तो कोणाला पडलेला आम्ही क्वचितच ऐकला.

पुन्हा त्या दिवसाकडे. घरी आलो. दिवसभर वाट पाहिली. या वाट पाहण्याचं वर्णन करणं अवघड आहे. बाई दुखणाईत नसते, कारण दुखत नाही. बरी नसते, कारण दर तासाला कापड बदलावं लागतं. आजूबाजूच्या बाया येऊन पोटाकडे बघून जातात. बाळ हललं का, हे आपण मोजतो, मग मोजणी विसरतो, पुन्हा पहिल्यापासून मोजतो. संध्याकाळी अंगात कसकस आली. मायने हात लावून पाहिला आणि काही न बोलता मामांना हाक मारली. रात्री साडेनऊला पुन्हा त्याच दवाखान्यात. तोवर एकोणीस तास उलटले होते. ताप होता, पाण्याला वास येत होता, बाळाचे ठोके वाढले होते. आता मात्र धावपळ झाली. त्या रात्रीच्या डॉक्टर मॅडम मनापासून राबल्या, हेही लिहिलं पाहिजे. लेक झाली. नऊ दिवस नवजात कक्षात, काचेच्या पेटीत, सुईच्या पाइपला जोडलेली. आज ती पाच वर्षांची आहे आणि आम्ही लिहायला बसलो की पेन पळवते.

डिस्चार्जच्या कागदावर आम्ही नंतर वाचलं: पाणी गेल्याची वेळ, दाखल होण्याआधी एक तास.

एकोणीस तासांचा एक तास झाला. पहिली फेरी झालीच नाही. आम्ही विचारायला गेलो तर उत्तर आलं, ‘‘पेशंटने जे सांगितलं ते लिहिलं.’’ आमच्या सांगण्याला एवढी किंमत आधी मिळाली असती तर!

इथे कोणी म्हणेल, यात जात कुठून आली? प्रश्न रास्त आहे आणि आम्ही तो टाळणार नाही. पहिल्या रात्री आम्हाला कोणी जात विचारली नाही. पत्ता विचारला, पत्त्यात भीमनगर होतं. जात दुसऱ्या दिवशी विचारली, जननी सुरक्षा योजनेसाठी. आपल्या राज्यात त्या योजनेचे पैसे दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बायांना मिळतात, शहरात सहाशे रुपये आणि ग्रामीण भागात सातशे. तर बाळ पेटीत असताना कारकुनाने आधी जातीचा दाखला मागितला आणि मग शेजारच्याला ऐकू जाईल असं काहीतरी बोलला, ते आम्ही लिहून त्याला मोठा करत नाही. पण आम्हाला घरी पाठवलं ते जातीमुळेच, हे आम्ही सिद्ध करू शकत नाही. कशाने करणार? पहिल्या फेरीचा कागदच नाही. कोणाला घरी पाठवलं, कोणाला ठेवून घेतलं, कोणाला किती तास थांबवलं, याची नोंद असती तर वस्तीनिहाय, जातनिहाय हिशेब मांडता आला असता. जिथे नोंद नाही तिथे भेदभावही नाही, असं ही व्यवस्था अगदी सोज्वळ चेहऱ्याने सांगू शकते. म्हणून आम्ही या एका साध्या प्रश्नावर अडून बसलो आहोत: पाणी किती वाजता गेलं, आणि ते कुठे लिहिलंय?

बाबासाहेबांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ज्यांनी वाचलंय त्यांना काठेवाडातल्या त्या शाळामास्तराची बायको आठवेल. १९२९ साली ‘यंग इंडिया’त त्याचं पत्र आलं होतं, बाबासाहेबांनी ते नोंदवून ठेवलं. ती बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर अस्पृश्यांच्या वस्तीत यायला तयार नव्हता. गावातल्या प्रतिष्ठितांनी रदबदली केल्यावर आला, तो बाईला वस्तीबाहेर आणण्याच्या अटीवर. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. परतही तसाच आला. ती बाई वाचली नाही. आमची गोष्ट आणि ती गोष्ट एकच आहे असं आम्ही म्हणत नाही, तसं म्हणणं तिच्यावर अन्याय होईल. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. त्या डॉक्टरने, तीन हात लांबून का होईना, ताप मोजला होता.

आता दवाखान्याची बाजूही ऐकू. दिवस भरलेले असताना पाणी गेलं तर लगेच कळा आणायच्या की वाट पाहायची, यावर डॉक्टरांमध्येही मतं आहेत. १९९६ साली सहा देशांतल्या पाच हजारांहून अधिक बायांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात औषधाने लगेच कळा आणलेल्या आणि वाट पाहिलेल्या बायांच्या बाळांमध्ये जंतुसंसर्गाचा फारसा फरक दिसला नाही, सिझेरियनचं प्रमाणही जवळपास सारखं निघालं. आयांना होणारा संसर्ग मात्र ऑक्सिटोसिनने लगेच कळा आणलेल्या गटात कमी होता. म्हणजे काही तास वाट पाहणं हा गुन्हा नाही. पण ती वाट बघायची देखरेखीत. आधी तपासायचं, ठोके ऐकायचे, ताप मोजायचा, पाण्याचा रंग बघायचा, वेळ लिहायची, आणि काय झालं तर धावत यायचं हे बाईला तिच्या भाषेत सांगायचं. यातलं काहीही न करता ‘कळा आल्या की या’ म्हणणं याला वैद्यकीय निर्णय म्हणत नाहीत. त्याला टेबल रिकामं करणं म्हणतात. सिस्टरच्या अंगावर चाळीस बाया असतात हे आम्हाला माहीत आहे, आणि रिकाम्या जागा न भरणाऱ्या सरकारशी आमचं भांडण आहेच. पण चाळीस बायांतून कोणाला परत पाठवणं सोपं वाटतं, हेही आम्ही बघतो. जिच्यासोबत इंग्रजी बोलणारा नवरा उभा आहे ती परत जाताना आम्ही अजून पाहिलेली नाही.

दिवस भरायच्या आत पाणी गेलं तर मामला आणखी वेगळा होतो. आमच्या वस्तीतली एक सून नवऱ्यासोबत ऊसतोडीला गेली होती. आठवा लागला होता. चार दिवस थोडं थोडं पाणी जात होतं. धबधबा नाही, नुसता ओलावा. तिला वाटलं, अंगावरून जातंय. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता, एकीने दिवस मोडला की खाडा पडतो आणि तो उचलीतून कापला जातो. तिने मोळ्या उचलणं थांबवलं नाही. पाचव्या दिवशी कळा आल्या, कोपीतून ट्रॅक्टरने नेलं, बाळ दोन दिवस जगलं. गर्भ चोवीस ते चौतीस आठवड्यांचा असताना बाळंतपण लवकर होण्याचा धोका असेल, तर आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात. सहा मिलिग्रॅमचं एक, बारा तासांच्या अंतराने अशी चार. त्याने बाळाची फुप्फुसं श्वासासाठी तयार होतात. औषध अगदी स्वस्त आहे, आणि मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधी पहिला डोस नर्सताईंनी द्यावा असं केंद्र सरकारने २०१४ पासून सांगितलेलं आहे. तिला एकही मिळालं नाही. चार दिवस हातात होते.

आणि पाणी अवेळी का जातं? प्रत्येक वेळी कारण सापडत नाही. पण लघवीच्या आणि योनिमार्गाच्या जंतुसंसर्गाचा त्याच्याशी संबंध आहे, हे ठाऊक आहे. आता फडात संडास नसतो. बाई दिवसभर लघवी दाबून ठेवते, आणि जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाही. महाडला १९२७ साली आपण पाण्यासाठी लढलो. तो लढा माणूस म्हणून ओंजळभर पाणी घेण्याचा होता. २० मार्चला महाडला जाणाऱ्या तरुणांना आमचं सांगणं आहे की जिला तहान लागली असून ती पाणी प्यायला घाबरते, त्या बाईचा विषयही त्याच तळ्याच्या काठावर मांडा.

बाबासाहेबांनी मांडला होता. २८ जुलै १९२८ ला मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर ते बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, आणि बाईच्या श्रमावर नफा कमावणारा मालकही त्यातून सुटू शकत नाही, असा तो युक्तिवाद होता. आपल्या भाषणांत या विधेयकाचा उल्लेख एका ओळीत येतो, ‘बाबासाहेबांनी स्त्रियांना बाळंतपणाची रजा दिली’, की टाळ्या आणि पुढचा मुद्दा. पण ज्या बाईला मालकच ठाऊक नाही, मुकादम ठाऊक आहे, तिला २०१७ च्या दुरुस्तीने वाढवलेली सव्वीस आठवड्यांची रजा कोण देणार, हे टाळ्यांनंतर कोणी बोलत नाही. आम्हीही बराच काळ बोललो नाही. बाळंतपण हा बायकांचा खाजगी विषय, चळवळीचा नाही, असं आमच्यातल्याच एका ज्येष्ठ बंधूंनी बैठकीत सांगितलं होतं आणि तेव्हा आम्ही मान डोलावली होती.

आज महाराष्ट्रात सुमारे ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. ‘दवाखान्यात जा’ ही प्रचाराची घोषणा जुनी झाली. आता भांडण दवाखान्याच्या दारापासून आतल्या खाटेपर्यंतच्या अंतराचं आहे. २०१० मध्ये शांतीदेवी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की सुरक्षित मातृत्व आणि प्रजनन आरोग्य हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. २०१६ पासून सरकारी प्रसूतिगृहात बाईला सोबतीण आत नेता येते, शक्यतो बाळंतपणातून गेलेली बाई. हे नियम आहेत. दारावरच्या शिपायाला ते माहीत नसतात, म्हणून आम्ही परिपत्रकाची प्रत पिशवीत ठेवतो.

पिशवीत आणखी एक गोष्ट असते, वही. वस्तीतल्या विहारात आम्ही ती सुरू केली. कोणाचंही पाणी गेलं, कितीही थोडं असो, कळा असोत नसोत, आधी वेळ लिहायची. वही नसेल तर हातावर पेनाने. स्वच्छ पांढरं कापड लावायचं, म्हणजे रंग कळतो. पाणी हिरवट किंवा तपकिरी दिसलं तर बाळाने आत शी केलेली असू शकते, तिथे मिनिटभर थांबायचं नाही. तसंच लाल रक्त, घाण वास, ताप, किंवा बाळाची हालचाल मंदावणं. नाळ बाहेर आल्यासारखी हाताला लागली तर बाईला कंबर उंच करून झोपवायचं आणि १०८ ला फोन करायचा. घरच्या कोणीही, सुईण असो की शेजारीण, आत बोट घालून पाहायचं नाही. दवाखान्यातही शिकाऊ मुलं एकामागून एक तपासायला लागली तर सोबतिणीने विचारायचं, याची गरज आहे का? प्रत्येक आतली तपासणी जंतूंना आणखी वर ढकलते, हे त्यांच्याच पुस्तकात आहे. आणि घरी जा म्हणाले तर भांडायचं नाही. शांतपणे एवढंच म्हणायचं: तपासून, वेळ टाकून, ‘घरी पाठवत आहोत’ असं लिहून द्या. आमच्या अनुभवात एवढं मागितल्यावर बहुतेक वेळा खाट सापडते.

त्या सफाईच्या मावशींना आम्ही विहारात बोलावलं होतं, वस्तीतल्या पोरींना पाणी ओळखायला शिकवायला. त्या आधी लाजल्या, म्हणाल्या, मी काय शिकवनार. मग दीड तास बोलल्या. पुढच्या रांगेत चार तरुण पोरगेही बसले होते, एकाच्या हातात वही होती.

वहीतली शेवटची नोंद परवाची आहे. पहाटे ४.१०, पाणी स्वच्छ, कळा नाहीत, बाळ हलतंय. ४.५० ला दवाखान्यात. सिस्टरने विचारलं, ‘‘कळा?’’ सोबत गेलेल्या वैनींनी उत्तर न देता वही पुढे केली. सिस्टरने ती वाचली, एकदा वैनींकडे पाहिलं आणि वेळ केसपेपरवर उतरवून घेतली.